१३९९ ची एक हुंडी आणि तिच्यामागची चार माणसं

जमाखर्च

सदतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा बिल्स खात्यात. निवृत्त झाल्यावर हुंडीसारख्या या कागदांचं मूळ कुठे आहे ते वाचायला घेतलं आणि एका चिठ्ठीपाशी येऊन थांबलो. बरेच दिवस ती डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

तारीख १८ डिसेंबर १३९९. चिठ्ठी निघाली ब्रूजहून, म्हणजे आजच्या बेल्जियममधून, आणि गेली बार्सिलोनाला. मजकूर अर्ध्या पोस्टकार्डावर मावेल एवढा. वर देवाचं नाव, मग तारीख, मग सरळ मुद्दा: या पहिल्या पत्रावर, रिवाजाच्या मुदतीने, ब्रुनाच्चो दि ग्वीदो आणि मंडळींना बार्सिलोनाचे ४७२ लिरा १० सोल्दी द्यावेत. ही ९०० स्कुदी नाण्यांची किंमत, दर स्कुदीला १० सोल्दी ६ देनारी या भावाने. ते पैसे आम्हाला इथे रिक्कार्दो देल्यी आल्बेर्ती आणि मंडळींकडून मिळाले. आमच्या खाती मांडा, ख्रिस्त तुम्हाला सांभाळो. खाली नाव ग्युल्येल्मो बार्बेरी. पत्ता: फ्रान्चेस्को दि मार्को आणि मंडळी, बार्सिलोना.

संपलं. साक्षीदार नाही, मोहोर नाही, नोटरी नाही.

यात चार पक्ष आहेत. बार्बेरीला ब्रूजमध्ये रोकड हवी होती. आल्बेर्तींकडे ब्रूजमध्ये रोकड होती, पण त्यांना पैसे बार्सिलोनात पोचवायचे होते. त्यांनी बार्बेरीला ९०० स्कुदी दिले आणि हा कागद घेतला. बार्सिलोनात ब्रुनाच्चोने तो फ्रान्चेस्कोच्या पेढीवर दाखवला, जानेवारीत पेढीने सकारला, म्हणजे पैसे द्यायचं कबूल केलं, आणि मुदत भरल्यावर पैसे चुकते होणार होते. एकही नाणं फ्रान्समधून खेचरावर लादून न्यावं लागलं नाही. वाटेत लुटारूंच्या हाती पडलाच असता तर हा कागद पडला असता, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

आपल्याकडे हुंडीचा व्यवहार ज्यांच्या घरात झाला असेल त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. 'पहिल्या पत्रावर' हे शब्द का, तेही कळेल. टपाल गहाळ व्हायचं म्हणून एकाच हुंडीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या वाटांनी पाठवत, एकीवर पैसे दिले की बाकीच्या रद्द. आपल्या हुंडीत हरवलेल्या कागदाबद्दल पैठ आणि तीही हरवली तर परपैठ निघायची. दोन वेगळ्या मुलखांतल्या व्यापाऱ्यांना एकच अडचण आली आणि तोडगाही जवळपास सारखाच सुचला.

आता हा फ्रान्चेस्को कोण? फ्रान्चेस्को दि मार्को दातीनी, इटलीतल्या फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचा. १३४८ च्या प्लेगात आईबाप गेले तेव्हा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला गेला. तेव्हा पोपचा दरबार तिथे होता, म्हणजे गिऱ्हाईक बारमाही. चिलखतं, कापड, मीठ, मसाले, चित्रं, जे खपेल ते विकलं. १३८३ च्या सुमारास श्रीमंत होऊन प्रातोला परतला आणि पिसा, फ्लॉरेन्स, जेनोवा, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का इथे पेढ्या उघडल्या.

त्याच्याहून मोठे व्यापारी त्या काळात बरेच होते. पण हा माणूस कागद फेकत नसे आणि पेढ्यांनाही फेकू देत नसे. १४१० मध्ये तो वारल्यावर सगळे कागद प्रातोच्या घरी जमा झाले आणि पुढे विस्मरणात गेले. १८७० साली जिन्याखालच्या एका बंद कोनाड्यात पोती सापडली. सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेवर चोपड्या, तीनशेच्या आसपास भागीदारीचे करारनामे, चारशे विमापत्रं आणि हजारो हुंड्या, धनादेश, भरतिया. चौदाव्या शतकातला व्यापार आतून कसा चालायचा हे आपल्याला आज जे दिसतं, त्याचा फार मोठा भाग त्या पोत्यांतून बाहेर आला. वरची चिठ्ठी त्यांतलीच.

माझा प्रश्न हा. ब्रूजहून कागद आला, तर बार्सिलोनातल्या कारकुनाने तो कशाच्या जोरावर सकारला? उत्तर: अक्षरावर. हुंडी काढायचा अधिकार असलेल्या माणसानेच ती स्वतःच्या हाताने लिहायची असा दंडक होता, आणि त्याच्या अक्षराचे नमुने आधीच ठिकठिकाणच्या पेढ्यांवर पाठवून ठेवलेले असत. मी स्वतः अकरा वर्षं नमुना-सही कार्डाशी सही ताडून पाहिली आहे, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. पत हा शब्द आपण सहज वापरतो. इथे ती पत म्हणजे एका माणसाच्या हाताचं वळण होतं.

प्रश्नचिन्ह

काका, सुंदर. पण एक अडलं. आल्बेर्तींना यात फायदा काय? नुसते पैसे पोचवायचे म्हणून नऊशे स्कुदी महिना-दोन महिने दुसऱ्याच्या हातात कोण देईल? आणि चर्चला तर व्याज चालत नव्हतं ना?

जमाखर्च

बरोबर जागी बोट ठेवलंत.

बंदी कागदावरची नव्हती, खरी होती. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं. १३११-१२ च्या व्हिएन परिषदेने तर 'व्याज घेणं पाप नाही' असं हट्टाने म्हणणाऱ्यालाही पाखंडी ठरवलं. शंभर द्या आणि सहा महिन्यांनी एकशे सात घ्या, हे उघड लिहिण्याची सोय नव्हती.

पण चलन बदलून देणं हे कर्ज नव्हे, असं बहुतेक धर्मपंडितांनी मान्य केलं होतं. मग फायदा हुंडणावळीत, म्हणजे चलन बदलण्याच्या भावात, जाऊन बसला. आकडे समजण्यापुरते घेऊ. डुकाट हे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, व्हेनिसमध्ये त्याचा भाव ४७ इंग्लिश पेन्स आहे. मी तुम्हाला इथे १००० डुकाट दिले, तुम्ही मला लंडनवर ४७,००० पेन्सची हुंडी दिली. व्हेनिस ते लंडन रिवाजाची मुदत तीन महिने. लंडनमधल्या माझ्या माणसाला तीन महिन्यांनी पैसे मिळाले. त्याने तेच तिथे दुसऱ्या कुणाला व्हेनिसच्या हुंडीवर दिले. पण लंडनमध्ये डुकाटाचा भाव ४४ पेन्स आहे. ४७,००० भागिले ४४, म्हणजे १०६८ डुकाट. आणखी तीन महिन्यांनी ते व्हेनिसला माझ्या हातात. सहा महिन्यांत जवळपास सात टक्के, आणि कुठल्याही कागदावर 'व्याज' हा शब्द नाही.

खुबी या दोन भावांत आहे. डुकाट व्हेनिसमध्ये नेहमी थोडा महाग आणि लंडनमध्ये थोडा स्वस्त असायचा. मुदतीचं मोल भावातच मुरलेलं असायचं. पण मधल्या काळात बाजार फिरला तर हा फायदा घटे, कधी उलट तोटाही होई. या जोखमीमुळेच पंडितांनी ते चालवून घेतलं. पुढे काहींनी लंडनला खरंच न पाठवता नुसत्या कागदोपत्री जाऊन-येऊन हुंड्या फिरवायला सुरुवात केली. त्याला 'कोरडा विनिमय' म्हणत आणि धर्मपंडित त्याला दोष देत.

ही निव्वळ पळवाट होती असं मला वाटत नाही. पळवाट असती तर लोक इतक्या लांबून का गेले असते? त्या बंदीमुळेच व्यापाऱ्यांना दोन शहरं, दोन चलनं आणि चार पक्ष जोडावे लागले आणि त्यातून युरोपभर जाळं विणलं गेलं.

आण्यापैचा_जमाना

४७२ लिरा १० सोल्दीचा हिशोब करून पाहिला. १२ देनारींचा सोल्दो, २० सोल्दींची लिरा. दर साडेदहा सोल्दी, गुणिले ९००, झाले ९४५० सोल्दी. वीसने भागा, ४७२ लिरा आणि उरले १० सोल्दी. चोख!

आम्ही शाळेत बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया करत होतो. असे गुणाकार त्या लोकांनी रोमन आकड्यांत कसे केले असतील?

देवनागरी_शून्य

त्यात केले नाहीत, त्यात फक्त लिहिले! बेरीज-वजाबाकी फळ्यावर खडे मांडून व्हायची.

यात आपला थेट धागा आहे. पिसाचा लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणतं, त्याचा बाप उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहायचा. पोरगा तिथे हिशोब शिकला आणि १२०२ मध्ये त्याने ग्रंथ लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच 'भारतीयांचे नऊ आकडे' आणि शून्य यांची ओळख करून दिली आहे. नाण्यांची अदलाबदल, मालाचे भाव, भागीदारीची वाटणी असली गणितं त्यात पानोपानी आहेत.

तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने आपल्या सभासदांना चोपड्यांत हे आकडे वापरायला बंदी केली. रक्कम अक्षरी किंवा रोमन आकड्यांतच लिहायची. कारण असं सांगतात की शून्याला शेपूट काढून सहा किंवा नऊ करणं फार सोपं. आपण आजही धनादेशावर 'अक्षरी रुपये' लिहितो ते याच भीतीपोटी.

सोलापूरची_चादर

आमच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्या, त्यामुळे मला हुंडीपेक्षा लोकरीत जास्त रस. दातीनी लोकरीचाही धंदा करायचा ना? त्यातलं काही सांगा.

जमाखर्च

ताई, त्याच्या चोपड्यांत एका खेपेचा सगळा प्रवास सापडतो. १३९४ च्या नोव्हेंबरात मायोर्काच्या पेढीला लोकरीची मागणी गेली. मेंढ्या कातरल्या पुढच्या मे महिन्यात, शेजारच्या मिनोर्का बेटावर. लोकर जहाजाने बार्सिलोना, तिथून पिसाचं बंदर, मग नदीने आणि खेचरांवरून प्रातो. तिथे झोडपणं, धुणं, पिंजणं. कातायला आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडे घरोघर. मग विणकर, मग कापड पाण्यात माती घालून तुडवणारे, ताणून वाळवणारे, कातरीने लव समान करणारे, रंगारी. तयार कापड परत जहाजाने मायोर्काला, तिथून व्हॅलेन्सिया आणि उत्तर आफ्रिकेकडे. शेवटचा तागा विकून हिशोब बंद व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला. आणि नफा? दहा टक्क्यांच्याही आत.

तीन वर्षं पैसा अडकवून एवढाच नफा. म्हणूनच तो एका धंद्यावर कधीच विसंबला नाही.

सोलापूरची_चादर

त्या कातणाऱ्या बायकांना मजुरी कुठल्या नाण्यात मिळायची?

लोकरीचा_धागा

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, मी उत्तर देतो.

फ्लॉरेन्समध्ये दोन नाणी समांतर चालायची. १२५२ पासूनचा सोन्याचा फ्लोरिन, साडेतीन ग्रॅम शुद्ध सोनं, एका बाजूला शहराचं लिलीचं फूल आणि दुसऱ्या बाजूला संत योहान. याला कुणी हात लावत नसे. दुसरं रोजच्या वापरातलं चांदी-तांब्याचं सोल्दीचं हलकं नाणं, आणि त्यातली चांदी कमी-कमी होत गेली. १२५२ मध्ये एका फ्लोरिनचे २० सोल्दी यायचे. १४०० च्या आसपास पंचाहत्तरच्या वर. १५०० ला १४०.

मालक माल विकायचा फ्लोरिनमध्ये आणि मजुरी द्यायचा सोल्दीत. मजुरीचा आकडा तोच राहिला तरी मजुराची कमाई आपोआप घटायची, आणि नाण्याचा कस ठरवणारे शहराच्या सत्तेत बसलेले तेच मालक. १३७८ च्या उन्हाळ्यात लोकरकामगारांनी, ज्यांना चोंपी म्हणत, शहराचा कारभार ताब्यात घेतला. त्यांचा पुढारी मिकेले दि लांदो हा लोकर पिंजणारा होता. त्यांच्या मागण्यांत स्वतःचा संघ स्थापन करायचा हक्क होता, कारण संघाशिवाय शहरात आवाज नव्हता. संघ मिळालाही, पण त्या ऑगस्टच्या अखेरीलाच त्यांना मोडून काढण्यात आलं.

दातीनीच्या चोपड्या मलाही आवडतात. पण त्या वाचताना प्रत्येक रकमेपुढे कोणतं नाणं लिहिलंय ते पाहा. कोण कुठे उभा होता ते त्यावरून कळतं.

जमाखर्च

अगदी मान्य. माझ्या मूळ लेखनात हे यायला हवं होतं.

इंग्लंडचा_राजा_बुडवतो

बार्दी आणि पेरुझ्झी या पेढ्यांचा उल्लेख कसा नाही? इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने कर्ज बुडवलं आणि फ्लॉरेन्सच्या सगळ्यात मोठ्या बँका कोसळल्या, हे तर प्रसिद्ध आहे. बार्दींचे ९ लाख फ्लोरिन आणि पेरुझ्झींचे ६ लाख.

लोकरीचा_धागा

हे आकडे जोव्हान्नी व्हिल्लानी या बखरकाराचे. तो स्वतः आधी पेरुझ्झींचा आणि मग बुओनाक्कोर्सी पेढीचा भागीदार होता. बुओनाक्कोर्सी १३४२ मध्ये बुडाली, आणि त्याच प्रकरणात त्याला तुरुंगही पाहावा लागला. दोष परक्या राजावर टाकायला त्याच्याकडे कारण होतं. पेरुझ्झींच्या उरलेल्या चोपड्यांवरून त्यांचं भांडवल पाहिलं तर ६ लाख ही रक्कम पटत नाही. एडवर्डने पैसे थकवले हे खरं. पण नेपल्सच्या राज्यातल्या धान्याच्या व्यापाराला ओहोटी, लुक्का शहरासाठीचं खर्चिक युद्ध, फ्लॉरेन्समधली सत्तापालट आणि ठेवीदारांची धाव, हे सगळं एकाच वेळी आलं. पेरुझ्झी १३४३ ला गेले, बार्दी १३४६ ला. दोनच वर्षांत प्लेग आला आणि व्हिल्लानीही त्यात गेला.

जमाखर्च

यातून पुढच्या पिढीने जो धडा घेतला तो मला फार मोठा वाटतो. बार्दी-पेरुझ्झींची सगळी ठिकाणं मिळून एकच कंपनी होती. एक शाखा बुडाली की सगळं घर बुडायचं. दातीनीने आणि पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची या सावकार घराण्याने प्रत्येक शहरातल्या पेढीची भागीदारी वेगळी केली. मुख्य धनी तोच, पण करारनामा, चोपड्या आणि भांडवल स्वतंत्र.

आणि ते कोर्टात टिकलं! १४५५ मध्ये ब्रूजला एका व्यापाऱ्याने मेदिचींच्या ब्रूज पेढीवर दावा लावला. लोकरीच्या नऊ गाठी नीट बांधलेल्या नव्हत्या, नुकसान भरून द्या. पेढीच्या वतीने तोम्माझो पोर्तिनारी म्हणाला, गाठी आमच्या लंडन पेढीने विकल्या, आमचा संबंध नाही. दोन्हींचा धनी एकच ना, असं वादीचं म्हणणं. न्यायालयाने पोर्तिनारीचं ऐकलं, लंडनच्या पेढीवर दावा लावा म्हणून सांगितलं.

याच पोर्तिनारीने पुढे बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला भरमसाट कर्जं दिली. चार्ल्स १४७७ मध्ये लढाईत मारला गेला आणि ब्रूजची पेढी गुंडाळावी लागली. भिंती घातल्या होत्या, पण राजाला कर्ज देण्याचा मोह भिंतींनी अडत नाही.

सराफकट्टा

आमचा पिढीजात धंदा सोन्याचा. वर डुकाटाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तुमच्यातल्या कितीजणींच्या घरी पुतळ्यांची माळ आहे? त्या पुतळीचं मूळ व्हेनिसचा डुकाट आहे.

डुकाट १२८४ पासूनचा, साडेतीन ग्रॅम. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकून झेंडा घेणारा डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लांबट वर्तुळात उभा ख्रिस्त. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचं रूप आणि कस जवळपास बदललाच नाही. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मिरी घ्यायचे, पण त्या बदल्यात पुरेसा खपेल असा माल युरोपकडे नव्हता. मग सोनं-चांदी द्यावी लागे. ते नाणं लाल समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर यायचं. त्यावरची उभी माणसं पाहून आपल्याकडे नाव पडलं पुतळी, तमिळ मुलखात शानार कासू. इथल्या सोनारांनी हुबेहूब नकला पाडल्या. अक्षरं वाचता येत नसल्यामुळे नकलेत त्यांच्या नुसत्या रेघा होतात, त्यावरून नक्कल ओळखू येते. पुढे डोजे-संताच्या जागी राम-सीता आणि लक्ष्मी आल्या.

माझ्या वडिलांकडे एकदा एक जुनी माळ दुरुस्तीला आली होती. त्यात एका पुतळीवर गुडघे टेकलेला माणूस आणि हातातला झेंडा स्पष्ट होता. वडिलांनी ती वितळवू दिली नाही, गिऱ्हाइकाला समजावून तशीच परत ओवून दिली.

देवनागरी_शून्य

आणि अशरफी! इजिप्तचा सुलतान अल-अशरफ बर्सबाय याने १४२५ मध्ये डुकाटाला तोड म्हणून त्याच्याच वजनाच्या जवळचं सोन्याचं नाणं काढलं. त्याच्या किताबावरून अशरफी. आपल्या गोष्टींतल्या थैल्यांमधल्या अशरफ्यांचं नाव तिथून आलंय.

रमाकाकू

सगळं वाचलं, फार आवडलं. दीड लाख पत्रांत एखादी बाई आहे का हो?

जमाखर्च

आहे, काकू. दातीनीची बायको मार्गेरीता. १३७६ मध्ये आव्हिन्यॉंत लग्न झालं तेव्हा ती सोळाएक वर्षांची, हा चाळिशीचा. पुढे हा फ्लॉरेन्सला आणि ती प्रातोला, किंवा उलट, त्यामुळे दोघांची शेकडो पत्रं आहेत. कुठलं खेचर पाठवलं, किती पीठ दळलं, कुणाची उधारी आली, सगळं ती कळवायची. आधी कारकुनाला सांगून लिहून घ्यायची. तिशी उलटल्यावर स्वतः लिहायला शिकली आणि तिच्या हातची पत्रंही त्या पोत्यांत आहेत. तो कामाने स्वतःला झिजवतो म्हणून ती त्याला फटकारतेही.

रमाकाकू

मुलंबाळं?

जमाखर्च

मार्गेरीताला झालं नाही. त्याला बाहेरून झालेली जिनेव्रा नावाची मुलगी होती, तिला मार्गेरीताने घरात वाढवलं आणि थाटात लग्न लावून दिलं.

१४१० मध्ये तो गेला तेव्हा सुमारे ७० हजार फ्लोरिन प्रातोच्या गरिबांसाठी संस्था काढायला ठेवले. ती संस्था चर्चच्या ताब्यात जाऊ नये, गावाने चालवावी, अशी अट घातली. शिवाय एक हजार फ्लोरिन फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या बाळांसाठी घर उभं राहावं म्हणून. त्या पैशावर पुढे रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने भर घातली, १४१९ मध्ये वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीने इमारतीला हात घातला. पहिलं बाळ यायला ५ फेब्रुवारी १४४५ उजाडला. संत आगाथाचा दिवस होता, म्हणून मुलीचं नाव आगाता ठेवलं. त्या घरानेही चोपड्या ठेवल्या. बाळ कुठल्या दिवशी आलं, अंगावर काय होतं, कुठल्या दाईकडे दिलं, दाईला किती पैसे दिले. आगाताची नोंद त्यातली पहिली.